गाळून घेतलेली हवा

आमच्या माडीवरच्या खोलीत एक गुडघा फिरत असतो. खरा नव्हे, पडद्यावरचा. पांढरीशुभ्र हाडं, मधे निळसर गादी, बाजूनं सुतळीसारखे बांधलेले पट्टे. दुपारची जेवणं झाली की मी माझा स्वतःचा गुडघा दाबत एकेक पायरी चढते, भिंतीकडच्या कॉटवर आडवी होते आणि त्या दुसऱ्या गुडघ्याकडं बघत राहते. तो दुखत नाही. सावकाश वळतो, उलगडतो, परत मिटतो. खोलीत पंख्यांचा बारीक आवाज असतो, लांब कुठंतरी मळणी चालल्यासारखा, आणि खिडकीवर एक पांढरं कापड फुगतं, बसतं, फुगतं, बसतं. बघता बघता माझा डोळा लागतो.

"आई, झोपलात होय?" सूनबाई मान न वळवता विचारते.

"न्हाई गं. बघाय लागलीय."

"घोरत बघताय?"

हे सुख बघायला साधं आहे, पण ते सहज आलेलं नाही. एका डब्यापायी माझ्या घरातलं माणूस पुण्याला निघालं होतं. तेच सांगायला बसलेय.

सूनबाई साताऱ्याची. लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत होती. शरीराच्या आतली हलती चित्रं करायची. डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकायला ती लागतात म्हणे, माणूस न कापता आतलं सगळं दाखवतात. मला ऐकूनच आवडलं होतं. आम्ही जैन माणसं, न कापता काम होत असेल तर आमचं बोट आधी वर. बघायच्या कार्यक्रमात तिनं पोह्यांची ताटली पुढं ठेवली आणि सरळ म्हणाली, "मी काम सोडणार नाही, आणि कामासाठी घरही सोडणार नाही. तुमच्या गावात इंटरनेट येतं का?"

आमचे मालक म्हणाले, "येतं की. नळाला पानी येत न्हाई, पर इंटरनेट येतं."

झालं, तिथंच ठरलं.

मला मुलगी नाही. घरात दुसरी बाई असली की काय होतं ते मला सून आल्यावर कळलं. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. मुलगा मिरजेला नोकरीला, रात्री उशिरा घरी येणारा, त्याचा डबा त्याच्याबरोबर. मालक मळ्यातच भाकरी खाऊन घेणारे. मग कित्येक वर्षं मी एकटीच मागच्या दारात ताट घेऊन बसायची. मावळतीचं ऊन ताटात यायचं आणि मी त्या उन्हाशीच बोलायची म्हणा ना. सून आली, आणि उंबऱ्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी बसायला लागलो. ती माझ्या ताटातली चटणी उचलायची, मी तिच्या ताटातला भात. सासू-सुनांनी असं एकमेकींच्या ताटात हात घालू नये म्हणतात. म्हणू देत.

तर तो डबा. कॉम्प्युटरचं सगळं सामान ज्यात बसवतात त्याला ती कॅबिनेट म्हणायची. तिनं पुण्याहून आणलेलं कॅबिनेट मोठं देखणं होतं. पुढून काळी काच, बाजूनं काच, आत लाल-निळे दिवे. मालकांनी पहिल्या दिवशी हात जोडले होते त्याला, खरंच. पुण्यात थंडगार ऑफिसात ते चांगलं चालायचं. आमच्या माडीवर पत्रा. चैत्र-वैशाख तिनं पहाटे लवकर उठून काम उरकलं, पावसाळा निभला, पण आश्विनातलं ऊन पडायला लागलं आणि त्याला ताप भरायला लागला. गुडघा अर्धा वाकलेला असायचा, आणि एकदम पडदा काळा. ती हात मांडीवर ठेवून नुसती बसायची.

"काय झालं गं?"

"तापून बंद पडलं."

खालून मालक ओरडायचे, "डाक्टरला दाखवा की!"

"मामा, डॉक्टरांचंच काम चाललंय त्याच्यावर!"

ते काम मिरजेतल्या एका डॉक्टरांचं होतं. हाडांचे डॉक्टर, कॉलेजात शिकवायचेही. त्यांनी तिला म्हटलं होतं, दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात दाखवायला गुडघा पाहिजे, चांगला झाला तर पुढं सगळे सांधे तुम्हीच करा. म्हणजे खांदा, कोपर, मणका, सगळं. गावात बसून करायचं पक्कं काम. ते मिळालं तर ती इथं राहणार, नाही तर पुण्याची कंपनी तिला परत बोलवतच होती.

एसी लावावा, तर दुपारी आमच्याकडं विजेचा दाब इतका पडतो की मिक्सरसुद्धा रडत फिरतो. मग तिनं मला समजावलं. आतलं सामान चांगलं आहे, डबा चुकलाय. पुढून काच बंद, मागचा पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाटच नाही. मी काचेवर तळवा ठेवला. तव्यावरच्या भाकऱ्या काढून ठेवलेली परात असते तसं ऊन लागलं. श्वास कोंडलेलं लेकरू असावं तसं वाटलं मला.

सांगलीत आम्ही दोन-तीन दुकानं बघितली. सगळीकडं काचेचे महाल. जाळीचं कॅबिनेट साताऱ्यात एका दुकानात आहे असं तिला फोनवर कळलं. माहेरही तिथंच, म्हणून म्हटलं चला, मीही येते. एसटीनं निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा, मधेच कुठं सोयाबीन वाळत घातलेलं. कऱ्हाड मागं पडलं, डोंगर जवळ आले, आणि खिडकीतून येणारा वारा बदलला. आमच्या सांगलीकडचा वारा उसातून येतो, ओला, जड, येऊन बसतो पाव्हण्यासारखा. साताऱ्याचा वारा उतरून येतो, गालाला हात लावतो आणि निघून जातो. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून अर्धवट झोपेत होते. मला वाटत होतं, सगळा वारा एक मोठा डबा शोधत फिरतोय, शिरायला.

दुकानात मांडणीवर रिकामी कॅबिनेटं ओळीनं मांडलेली. रिकामी घरं बघायला मला लहानपणापासून आवडतं. मी एकेकात डोकावून बघायला लागले. इथं चूल, इथं न्हाणी, इथून धूर जाईल. सूनबाईनं पर्समधून टेप काढला आणि ती आतल्या लांब्या मोजायला लागली. तिचं ग्राफिक कार्ड लाटण्याएवढं लांब, आणि मुख्य चिपेवर बसवायचा पंखा पितळी तांब्याएवढा उंच. ते बसलं पाहिजे, आणि बसून वर मोकळी जागा राहिली पाहिजे.

दुकानदार बोलका होता. म्हणाला, "ताई, एवढं मोठं काम हाय तर पाण्यावर गार होणारा घ्या की. आत नळ्या असतात, पाणी फिरत राहतं."

मी विचारलं, "पाणी गाळून भरलेलं असतं का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "आज्जी, ते कंपनीतनंच भरून येतं. शील केलेलं."

"किती दिवस राहतं तेच पाणी?"

"पाच-सहा वर्षं तरी बघायचं न्हाई."

"अगं बाई!" मी तोंडावर पदर घेतला. आमच्याकडं सकाळी गाळलेलं पाणी संध्याकाळी परत गाळतात, आणि हा सांगतो पाच-सहा वर्षं.

सूनबाई हसू दाबत म्हणाली, "आम्हाला हवेवरचाच पाहिजे, दादा. नळी फुटली तर आमच्या गावात कोण दुरुस्त करणार? पंखा बिघडला तर पंखा बदलता येतो." तिची कारणं वेगळी, माझी वेगळी, पण निवाडा एकच झाला.

मग त्यानं जाळीचं कॅबिनेट काढलं. काळं, साधं, ना दिवे ना नखरा. पुढची सगळी बाजू बारीक जाळीची, एका अंगाला तेवढी काच. आत पुढं तीन पंखे, मागं एक, वर धापा टाकायला मोकळी जाळी. त्यानं वायर जोडून पंखे लावले आणि मी पदराचा शेव जाळीपुढं धरला. शेव अलगद उठला आणि जाळीला जाऊन चिकटला, कुणी आतून हळूच ओढल्यासारखा. मला इतकं छान वाटलं! आणि लगेच मी पदर मागं ओढला.

"एवढी हवा ओढणार. मग चिलटं आली तर?"

"आत धुळीची जाळी हाय की, आज्जी."

सूनबाईनं ती जाळी काढून उजेडासमोर धरली. चिलट काय, दोन चिलटं हातात हात घालून गेली असती त्यातून.

"जातात मग," दुकानदार म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? पंखा हाय आज्जी, पाळणा न्हाई."

चातुर्मास चालू होता. त्या दिवसांत आम्ही संध्याकाळी दिवासुद्धा गरजेपुरता लावतो, पाकोळ्या येऊन पडू नयेत म्हणून. माझं तोंड बघून सूनबाईनं टेप गुंडाळला आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तुमच्या मनाला लागत असेल तर काचेचंच दुसरं बघू. मी पहाटेच काम करत जाईन."

पहाटे उठून उठून तिच्या डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं मला दिसत होती. आणि ते ऐकून मीच मला त्या काचेच्या डब्यासारखी वाटले, पुढून बंद. मी म्हटलं, "हेच घे. पाणी गाळतो तशी हवा गाळून घेऊ."

"होय की!" ती म्हणाली. तिच्याही माहेरी तीच रीत. आम्हा दोघींना वाटलं, केवढी सोपी गोष्ट आहे.

घरी येऊन तिनं जुन्या डब्यातलं सगळं सामान या नव्या घरात मांडलं. शेवटी एक उदबत्ती लावून जाळीपुढं धरली. धुराची बट आत शिरली, काचेच्या बाजूनं आम्हाला दिसली, कार्डाखालून वळली, तांब्याएवढ्या पंख्यातून गेली आणि मागच्या बाजूनं निवांत बाहेर पडली. देवळातून दर्शन घेऊन निघाल्यासारखी. आम्ही दोघी खुळ्यासारख्या उदबत्ती संपेपर्यंत बघत बसलो.

मग मी नवं गाळणं काढलं. पाणी गाळायचं कापड आमच्याकडं जाड असतं आणि दुहेरी करून लावायचं असतं, एका पदरात बारीक जीव अडत नाहीत. गाळून झालं की ते कापड उलटं करून त्याच विहिरीत खळबळायचं, अडलेले जीव परत आपल्या घरी जावेत म्हणून. त्याला जिवाणी म्हणतात. मी दुहेरी गाळणं जाळीच्या तोंडाला ताणून बसवलं, सूनबाईनं चारी बाजूंनी नाडी आवळली. घागरीच्या तोंडाला बांधतात तसं. दोघींनी मिळून बांधलं, आणि दोघींना छान वाटलं.

किरकोळ कामात काही कळलं नाही. पण गुडघा पुरा झाला आणि त्याचं सलग चित्र काढायची वेळ आली. त्याला कॉम्प्युटर दिवसभर, रात्रभर जोर लावून चालावा लागतो. सकाळी सुरू केलं. दुपारी पंखे ओरडायला लागले. घूं-घूं नाही, किंचाळणं. आणि पडदा काळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गुडघा शुक्रवारी द्यायचा होता. त्या दिवशी मंगळवार.

मी ताक घेऊन वर चालले होते. जिन्यातच तिचं पुण्याच्या कंपनीशी फोनवर चाललेलं बोलणं ऐकू आलं. "नवीन कॅबिनेट घेऊनही तेच आहे, सर. घरून जमत नाही असं दिसतंय. हो. येते मी. आधी महिनाभर, मग बघू."

ताक हातात घेऊन मी तिथंच पायरीवर बसले. महिनाभर, मग बघू. या 'मग बघू'तून परत आलेलं माणूस आमच्या गावात मी तरी पाहिलं नाही. संध्याकाळी मागच्या दारात ताटं वाढली. ती माझ्या ताटातली चटणी घेईना. ऊन नेहमीसारखं आलं, दोन्ही ताटांवरून फिरलं, निघून गेलं.

"कधी निघतीस?" मी विचारलं.

"उद्या दुपारी. तिथल्या मशीनवर चित्र काढून शुक्रवारी पाठवते."

"आणि पुढचे सांधे?"

ती ताट उचलून आत गेली. बॅग वर खोलीच्या कोपऱ्यात उघडी ठेवलेली होती.

सकाळी उठून मी वर गेले आणि नाडी सोडायला बसले. म्हटलं, "हे काढून टाकू. दोष लागला तर मला लागू दे. तू जाऊ नकोस."

"नाही आई, बांधा परत," ती म्हणाली. "काढलं तर संध्याकाळी मी तिथं बसू शकणार नाही. प्रत्येक चिलट मला ऐकू येईल."

सासूनं सूट द्यावी आणि सुनेनं घेऊ नये. मी गाळणं सोडवलं तर खरं. त्याच्यावर बारीक धूळ बसलेली. झटकायला म्हणून खिडकीत गेले आणि ते दुहेरी घडी मोडून पुरं उलगडलं. मळ्याकडून वारा आला. कापड माझ्या हातात फुगलं. पोटुशी बाई उभी असावी तसं फुगलं, आणि वारा त्याच्यातून गाळून माझ्या तोंडावर आला. मी डोळे मिटून घेतले. क्षणभर वाटलं, काही बिघडलेलं नाही, कुणी कुठं जात नाही.

"आई, तसंच धरा."

ती माझ्या मागं येऊन उभी होती. कापडाला न टेकता तळवा धरून हवा बघत होती. "हवा येतेय. बघा, केवढी येतेय." मग स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "आपण डब्याच्या तोंडाला ताणून बांधलं. ताणून बांधलं की पाणी वरच तुंबतं, नाही का? मोठं कापड सैल सोडलं की भराभरा उतरतं."

बाई, मी जन्मभर सैल सोडूनच पाणी गाळत आले! रोज डोळ्यांपुढं असलेली गोष्ट, आणि सुचली तिला.

"डब्याला बांधायचंच नाही," ती म्हणाली. "खिडकीला बांधायचं. सगळी खोलीच गाळलेल्या हवेची. मग डबा उघडा राहीना का."

त्या मोठ्या खिडकीला पुरेल असं पातळ, घट्ट विणीचं, स्वच्छ कापड घरात एकच होतं. मालकांचं देवळात जायचं जुनं धोतर. मी ते कपाटातून काढलं तेव्हा मालक दारात उभे.

"माझ्या पूजेच्या धोतराला हात लावायचा न्हाई."

"आवं, जुनं हाय."

"जुनं आसलं तरी पूजेचं हाय."

"मामा," सूनबाई म्हणाली, "नाही लावलं तर मी पुण्याला चाललेय."

त्यांनी बॅगेकडं बघितलं. धोतराकडं बघितलं. पाठ फिरवून खाली गेले, आणि मला वाटलं रुसले. तर हातोडी आणि खिळ्यांची डबी घेऊन वर आले. सागाच्या पट्ट्या कापून चौकट त्यांनीच केली, धोतर त्यांनीच लावलं, एकेरी, चिलटांना तेवढी वीण पुरे, आणि जरा सैल, पोट सुटेल असं. दाराखालच्या फटीत मी जुन्या वाकळेची गुंडाळी दाबली. डब्याच्या तोंडाला बांधलेलं गाळणं धुऊन पाण्याच्या कामाला लावलं. जाळीचं कॅबिनेट खिडकीपुढं उघडं, निवांत बसलं.

दुपारची गाडी गेली. तिनं चित्र सुरू केलं आणि आम्ही तिघंही त्या खोलीत बसून राहिलो. तीन वाजले, पत्रा तापला. पंख्यांचा आवाज वाढला, आणि एका ठिकाणी येऊन थांबला. तिथंच राहिला. ती पडद्यावरचा तापाचा आकडा बघायची, मी तिचं तोंड बघायची. आकडा चढला नसावा, कारण तिचा खालचा ओठ दातांतून सुटला. खिडकीवर धोतर फुगत होतं, बसत होतं. मालक भिंतीला टेकून झोपले. मीही कॉटवर कलंडले. अर्धवट झोपेत मला दिसलं, की आमचं सगळं घर सावकाश श्वास घेतंय, छाती वर, छाती खाली, आणि त्याच्या आत कुणीतरी पांढराशुभ्र गुडघा टेकून उठायच्या तयारीत आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी वर गेले तर गुडघा फिरत होता. पुरा. कुठं न अडकता. ती खुर्चीतच झोपली होती.

तो शुक्रवारी गेला. डॉक्टरांचा फोन आला, आता खांदा करा. तिनं पुण्याला फोन लावला. या वेळी मी जिन्यात नव्हते, समोरच बसले होते. "नाही सर, येत नाही," एवढंच म्हणाली. खांदा सुरू झाला, तरी दुपारी माझ्यासाठी ती पडद्यावर गुडघा फिरत ठेवते. बॅगेत आता थंडीच्या वाकळा आहेत.

साखर कारखाने सुरू झाले की आमच्याकडं उसाचं पाचट पेटवतात आणि काळी काजळी उडत येते. पूर्वी ती अंथरुणात, पिठात, सगळीकडं बसायची. आता ती धोतरावर बसते, आणि तिच्यात चिलटं, पाकोळ्या, नावं माहीत नसलेले बारीक जीव. दर रविवारी मी चौकट काढायला लावते. आम्ही दोघी ती दोन बाजूंनी धरून जिना उतरतो, मागच्या दारातून विहिरीकडच्या जास्वंदीपाशी नेतो आणि कापडाला मागून हळूच टिचकी मारतो. काजळी खाली पडते. जे जिवंत असतं ते थोडं थांबतं, पंख सावरतं आणि जातं. जात नसेल तर आम्ही वाट बघतो.

"आई, खांद्याचं काम पडलंय माझं," ती म्हणते.

"जाऊ दे गं एवढं एक. बघ, निघालंच."

मग चौकट परत खिडकीत बसवून आम्ही मागच्या दारात येतो. ऊन उतरायला लागलेलं असतं. मी ताटं वाढते, ती उंबऱ्याच्या पलीकडं बसते, आणि माझी चटणी उचलते.